आबांच्या सह्या, माझी नाणी

ज्या गृहस्थांविषयी हे लिहीत आहे, त्यांचे नाव मी लिहिणार नाही. हा माझा मोठेपणा समजू नये. नाव छापले गेले तर ते त्या कागदाची चौकट करून भिंतीला लावतील, आणि तेवढे सुख माझ्या हातून त्यांना आता मिळू नये, एवढाच हेतू आहे. ते पणदऱ्याकडचे बागाईतदार. ऊस भरपूर, गोठा भरलेला, बोलणे मोठे. सर्व त्यांना आबा म्हणत. मीही म्हणत असे.

माझी ओळख एका वाक्यात सांगता येते. इंदापूरला कचेरीच्या आवारात लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसणारा अर्जनवीस तो मी. लोक ‘रायटर’ म्हणतात. शिक्षण सातवीपर्यंत झाले. आठवीच्या वर्षी दिवाळीनंतर वडिलांची मेंढरे कोकणाकडे उतरली, त्यांच्यामागे मीही उतरलो, आणि परत आलो तो शाळेत गेलोच नाही. परंतु त्यानंतर जे लिहिणे मी स्वतःच्या बळावर कमावले, ते पदवीधरांनी समोर बसून शिकावे असे आहे. पदवीधर बसतातही; फक्त ते आपला अर्ज लिहून घ्यायला बसतात, हे मान्य करीत नाहीत.

नव्वदचे दशक नुकते लागले होते तेव्हाची गोष्ट. बारामतीला एका खताच्या दुकानाच्या माडीवर नाणी जमवणाऱ्यांची बैठक भरत असे. महिन्यातून एक रविवार. मी सकाळच्या एसटीने इंदापुराहून जात असे, आबा पणदऱ्याहून मोटारसायकलवर येत. वीस-बावीस माणसे जमत. मला तिथे नेले ते आबांनीच. कसल्याशा दाखल्यासाठी ते माझ्यापुढे बसले होते. माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक रुपयाचे नवे नाणे ठेवलेले होते, त्यावर पर्यटन वर्षाची खूण होती. आबांनी ते उचलले, उन्हात धरले आणि म्हणाले, “रायटर, ह्याच्यावर कागद दाबताय? आवो, शंभर वर्सांनी ही शिवराई होणार हाय. आत्ताच उचला. आपल्यासारख्याला जुनं परवडत न्हाय, पण नवं तर सरकार आपल्या हातात आणून देतंय!”

मी आयुष्यात कोणाचे एवढे ऐकले नसेल. सरकार एखाद्या प्रसंगाच्या, एखाद्या विषयाच्या स्मरणार्थ जी नाणी काढते, त्यांचा मी संग्रह सुरू केला. त्यांत दोन प्रकार असत. एक चालू चलनातली, जी बाजारात हिंडत हिंडत आपल्याकडे येतात. दुसरी टांकसाळीने संग्राहकांसाठी खास घडवलेली, आरशासारखी लखलखीत, बंद डबीत घालून पोस्टाने येणारी. त्यांसाठी आगाऊ नोंदणी करावी लागे. छापील फॉर्म असे, त्यासोबत पत्र जोडावे लागे, आणि मुदत थोडी असे. हे काम माझ्या हातचे. पाहता पाहता माडीवरच्या सर्व मंडळींची नोंदणीपत्रे मी लिहू लागलो. माझ्या पत्राने गेलेली नोंदणी एकदाही चुकली नाही.

इथेच ते कागद जन्माला आले. पणदऱ्याहून इंदापूर लांब. दर नोंदणीला सही करायला येणे आबांना नको होते. एका रविवारी त्यांनी डझनभर कोरे कागद पुढे ओढले आणि प्रत्येकाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात झोकदार सही ठोकून गठ्ठा माझ्या हातात दिला.

“घ्या. मजकूर तुमचा, सही माझी. दर टायमाला कोण येतंय हितंवर?”

“आबा, कोऱ्या कागदावर सही?” मी म्हणालो.

“तुमी काय माझा मळा लिहून घेणार हाय व्हय, रायटर?”

सर्व हसले. मीही हसलो. अर्जनवीसाकडे सहीचे कोरे कागद ठेवणे ही आमच्या भागात नवलाची गोष्ट नाही. माझ्या पेटीत तेव्हा पाच-सहा जणांचे असे कागद होते. त्यावर टाइप करण्याची एक कसरत असते. सही आधीच बसलेली असते, तेव्हा मजकूर बरोबर तिच्यावर अंगठाभर अंतर राखून संपला पाहिजे. आधी संपला तर कागद रिकामा दिसतो, नंतर संपला तर सहीवर चढतो. ओळी मोजून वाक्य बांधावे लागते. मी ती कला साधली होती, आणि हे सांगण्यात मला संकोच नाही.

तीन-चार वर्षे चांगली गेली. मग हौस उतरू लागली. टांकसाळीला मी दोष देत नाही. तिचे काम नाणी पाडणे. परंतु विषय वाढत गेले, नाणी उदंड झाली, आणि जे नाणे कापसात ठेवावे तेच रेशनच्या दुकानात सुट्ट्यात मिळू लागले. माडीवरची मंडळी गळू लागली. एकाच्या घरी लग्न निघाले, दुसऱ्याचा ऊस तुटायला आला, तिसऱ्याचे गुडघे दुखू लागले. ‘छोटे कुटुंब, सुखी कुटुंब’ या विषयाचे दोन रुपयांचे नाणे सर्वांत आधी मिळवल्याबद्दल ज्या खताच्या दुकानदाराने आम्हाला पेढे चारले होते, त्यालाच मी तसले नाणे गिऱ्हाइकाला सुट्टे म्हणून देताना पाहिले.

मी म्हणालो, “अहो, हे काय करता?”

तो म्हणाला, “घरात बरणीभर हायेत, रायटर. आता काय लोणचं घालू त्येंचं?”

आणि आबा? आबांना नांगराखाली सापडणाऱ्या शिवराईचा, म्हणजे शिवकाळापासूनच्या तांब्याच्या नाण्याचा, नाद लागला होता. कोणाच्या रानात तांब्याचा एक गंजका तुकडा निघाला की आबांची मोटारसायकल तिथे. माडीवर ते आता तेच दाखवत, आणि उरलेली आठ-दहा माणसे माना डोलावत. आधुनिक नाण्यांचा विषय मी काढला की आबा घड्याळ पाहत. नोंदणी मात्र अजून करीत, सवयीने. माझ्या पेटीत त्यांच्या सहीचे चार कागद शिल्लक होते.

त्या वर्षी हिवाळ्यात मंडळींनी बारामतीच्या एका मंगल कार्यालयात प्रदर्शन भरवले. मी पंधरा दिवस खपलो. प्रत्येक नाण्याखाली त्याचा विषय, धातू, कडेचे दाते, टांकसाळीची खूण, असे टाइप केलेले लेबल लावले. टेबलावर काच घातली. काच मी इंदापुराहून एसटीने, गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून आणली होती. सकाळी एक मोठे अधिकारी उद्घाटनाला आले. आबा त्यांना फिरवत होते. शिवराईच्या टेबलापाशी अर्धा तास गेला. मग माझे टेबल आले. मी कोट घातला होता. बोलायला तोंड उघडले तेवढ्यात आबांनी साहेबांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे वळवले.

“साहेब, हितं काय बघण्यासारखं न्हाय. ही आपली कंडक्टरच्या पिशवीतली चिल्लर. आमचे रायटर हायेत, हौशी मानूस. सातवी शिकलेत, पण नाद मोठा!”

साहेब हसले. त्यांच्यामागची सर्व माणसे हसली. खताचा दुकानदारही हसला, ज्याची अकरा नोंदणीपत्रे मी लिहिली होती.

तेवढ्याने भागले नाही. थोड्या वेळाने चहा आला. ठेवायला जागा नव्हती. आबांनी कोणालातरी हाक मारून सांगितले, “ठेवा की त्या काचेवर, रायटरच्या. काय बिघडतंय?” आणि माझ्या काचेवर कपबश्या मांडल्या गेल्या. छोट्या कुटुंबाच्या नाण्यावर बशी आली. चहा सांडला, काचेच्या फटीतून खाली उतरला आणि तीन लेबलांवर तपकिरी वर्तुळे उमटली. त्यांतले एक लेबल माझ्याकडे आजही आहे. मी मुद्दाम जपले आहे.

एसटीने परत येताना मांडीवर काच होती, आणि पेटीतले चार कागद एवढेच माझ्या डोक्यात होते.

इथे वाचकांनी माझ्याविषयी गैरसमज करून घेऊ नये. जमिनीचा मजकूर मी त्यांवर लिहिला नाही. तसे करणारे अर्जनवीस आहेत, मी त्यांच्याशी चहाही पीत नाही. मला आबांचे एक बोटभर रान नको होते. मला त्यांना तिथे मारायचे होते जिथे त्यांनी मला मारले. मी आठ दिवस विचार केला. आबा बैठकीचे अध्यक्ष होते, त्या पदाचा राजीनामा लिहावा, असे आधी वाटले. पण त्या अध्यक्षपदाला आता कोण विचारत होते? मग सुचले. लासुर्ण्याच्या अलीकडे एका वस्तीवर शाळा आहे. तिचे मुख्याध्यापक शाळेसाठी काही ना काही मागत फिरत. त्यांचे अर्जही मीच लिहीत असे. आबांनी त्या शाळेला आपली नाणी दान केली तर? आपल्या हाताने, आपल्या सहीने?

मी यंत्रात पहिला कागद चढवला. ओळी मोजल्या. लिहिले की मी खाली सही करणार, बरीच वर्षे परिश्रमपूर्वक जमवलेला माझा स्मारक नाण्यांचा संपूर्ण संग्रह, विद्यार्थ्यांच्या ज्ञानवृद्धीस्तव, आपल्या शाळेस कायमस्वरूपी व बिनशर्त अर्पण करू इच्छितो. तरी प्रजासत्ताक दिनी समारंभपूर्वक त्याचा स्वीकार व्हावा. मजकूर सहीवर बरोबर अंगठाभर अंतर राखून संपला. माझ्या हातून याहून चांगला अर्ज झालेला मला आठवत नाही. पत्र पोस्टाने गेले.

माझी कल्पना अशी होती. शाळेचा माणूस पणदऱ्याला आभार मानायला जाईल, आबा चकित होतील, नाही म्हणतील, तर सही त्यांचीच. गावभर बभ्रा होईल, आणि हो म्हणतील तर नाणी जातील. दोन्हीकडून मार.

मुख्याध्यापक पणदऱ्याला जाऊन आले आणि थेट माझ्यापुढे येऊन बसले. त्यांचा चेहरा फुललेला होता.

“रायटर, मानपत्र लिहायचंय. एवढा मोठा मानूस म्यां बघितला न्हाय.”

“काय म्हणाले आबा?” मी विचारले.

“पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग मोठ्यानं हसलं. म्हनले, ‘व्हय, माझंच हाय पत्र. न्या, सगळी न्या. कपाटात जागा न्हाय शिवराई ठेवायला.’ बायकूला हाक मारली अन् म्हनले, ‘आगं, ती डबडी काढ सगळी, पुण्य लागतंय आपल्याला.’”

तेव्हा मला माझी चूक समजली. मी आबांवर घाव घातला तो माझ्याच काळजाच्या जागी. स्मारक नाणी गेली तर माणूस उन्मळून पडेल, असे मला वाटले, कारण मी उन्मळून पडलो असतो. ‘संपूर्ण संग्रह’ एवढेच लिहिले असते तर शिवराईही गेल्या असत्या आणि आबा रडले असते. परंतु नेमके लिहिण्याची माझी खोड. ‘स्मारक नाण्यांचा’ हे दोन शब्द मी स्वतःच्या हाताने घातले. ज्या वस्तूवरून त्या माणसाचे मन कधीच उडाले होते, ती मी त्याच्या घरातून फुकट उचलून दिली, आणि वर त्याला पुण्यही मिळवून दिले.

आणि मानपत्र मीच लिहिले. नाही म्हणण्यास कारण नव्हते. ‘ज्ञानदानाची तळमळ’, ‘निरपेक्ष दातृत्व’ असे शब्द मी त्या माणसासाठी टाइप केले. मधे दोनदा रिबन अडकली.

प्रजासत्ताक दिनी मला व्यासपीठावर बसवले, मानपत्राचा लेखक म्हणून. मैदानात गाव, शाळेची पोरे, सनई. आबांना शाल, श्रीफळ, हार. टेबलावर त्यांच्या डब्या मांडलेल्या. अर्ध्या डब्यांचे सील त्यांनी कधी फोडलेही नव्हते, टांकसाळीतून आल्या तशाच. मी त्यांच्याकडे पाहत होतो. आबा भाषणाला उभे राहिले. आधी मुलांना दोन शब्द सांगितले, मग माझ्याकडे वळले. हसत होते. त्या हसण्यावरून मला कळले की पहिल्याच वाचनात त्यांनी सगळे ओळखले होते. माझी वाक्ये ओळखू न यायला ते काही अडाणी नव्हते.

“मंडळी,” ते म्हणाले, “माझ्या हातून हे काम झालं, त्याचं कारण हे आमचे रायटर. त्येंनीच मला वाट दावली. आता माझा संग्रह अर्धवट हाय, मला कबूल हाय. पण रायटरकडं सगळा हाय, एक बी नाणं चुकलेलं न्हाय! आन् आजच सकाळी त्येंनी मला सांगितलं, की आबा, तुमी दिलं तर मी मागं कसा ऱ्हाऊ? रायटर बी आपला समदा संग्रह हितं देनार हायेत! वाजवा टाळ्या!”

टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापकांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. सकाळी मी आबांशी एक शब्द बोललो नव्हतो. त्यांना सही लागली नाही, कागद लागला नाही; नुसत्या तोंडाने त्यांनी माझे घर धुऊन नेले. पुढच्या रांगेत इंदापूरचे दोन-चार लोक होते, उद्या माझ्यापुढे अर्जाला बसणारे. ‘हे खोटे आहे’ म्हणावे, तर त्यांच्यासमोर दिलेला शब्द फिरवणारा माणूस मी ठरणार. मी उठलो आणि हात जोडले.

आठ दिवसांनी माझा संग्रह मी स्वतः नेऊन दिला. लेबलांसकट. चहाच्या डागांचे एक तेवढे मागे ठेवले.

शाळेने काचेचे कपाट केले, चांगले केले. वरच्या दोन फळ्यांवर आबांच्या डब्या, खालच्या तीन फळ्यांवर माझी नाणी, ओळीने, विषयवार. आणि कपाटावर रंगवलेली पाटी: आबांचे नाव, ‘यांजकडून सप्रेम भेट’. माझे नाव कुठेही नाही. मुख्याध्यापकांना विचारले तर म्हणाले, पाटी आधीच रंगवून आली होती, आणि आबांची परवानगी असल्याशिवाय बदलणे बरे दिसत नाही.

“परवानगी लेखी लागेल का?” मी विचारले.

“लेखी आसली तर लई बरं.”

मी इंदापूरला आलो, पेटी उघडली आणि दुसरा कागद यंत्रात चढवला. या वेळी एकही शब्द नको तिथे घातला नाही. लिहिले की सदर कपाटातील खालच्या तीन फळ्यांवरील नाणी माझी नसून इंदापूर येथील अर्जनवीस यांची आहेत. ती माझ्या संग्रहाहून सर्व दृष्टींनी सरस, पूर्ण व अभ्यासपूर्वक मांडलेली आहेत, असे मी प्रांजळपणे मान्य करतो. तरी त्यांचे नाव माझ्या नावाच्या वर घालण्यात यावे. अंगठाभर अंतर राहिले. खाली सही झोकदार, आबांचीच, अस्सल.

पाटी बदलली. माझे नाव वर आले, आबांचे खाली.

पावसाळा संपता संपता आबा लिंबाखाली येऊन बसले. मोटरच्या कनेक्शनचा अर्ज हवा होता, असे म्हणाले. बाजूला चहाच्या टपरीवरून त्यांनी दोन चहा मागवले. 

“शाळेत गेलतो, रायटर.”

“हो का?”

“पाटी बघितली.”

“चांगली रंगवली आहे.”

“किती राहिले?” ते एकदम म्हणाले.

“काय, आबा?”

“उगं येड्याचं सोंग घेऊ नका. कागद. माझ्या सहीचे. किती राहिले?”

“पेटी भरलेली आहे, आबा. पाहावे लागेल.”

“मग बघा की! आत्ता बघा. मी बसतो हितं.”

“आज काम फार आहे,” मी म्हणालो. “सापडले की कळवतो.”

 आबांच्या चेहऱ्यावर प्रदर्शनातले काहीही शिल्लक नव्हते. चहा आला. त्यांनी कप टेबलावर ठेवायला हात पुढे केला आणि मध्येच थांबले. मी जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा काढून पुढे सरकवला. त्यांनी कप त्यावर ठेवला.

अर्ज मी लिहिला. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, ओठ हलवत, आणि मगच सही केली. जाताना म्हणाले, “येतो, रायटरसाहेब.” पुन्हा दोनदा आले, तेव्हाही तेच विचारले आणि मी तेच उत्तर दिले.

माझी नाणी परत मिळणार नाहीत, हे मला माहीत आहे. शाळेत जाऊन काचेबाहेरून पाहतो. पोरे फारशी पाहत नाहीत. त्यांना मधल्या सुट्टीत कपाटाच्या काचेत भांग पाडायला आवडते. माडीवरची बैठकही मोडली. नवी नाणी निघत असतात, मी त्यांच्यावर कागद दाबतो.

दोन कागद राहिले आहेत. ज्या पत्र्याच्या डब्यात माझे सर्वांत चांगले संच असत, त्यात चहाच्या डागाच्या त्या लेबलाखाली ते ठेवले आहेत. कोरेच आहेत. काय लिहायचे ते ठरलेले नाही, आणि मला घाई नाही.